धावणाऱ्या पायांची निगा

औराद तालुक्यातील ज्या घरी सैन्यात किंवा पोलिसांत जाऊ पाहणारा मुलगा आहे, त्या घरास १६०० मीटर हे अंतर ठाऊक असते. भरतीची तारीख जवळ आली की मुलगा पहाटे उठून डांबरी सडकेवर जीव तोडून धावू लागतो आणि पुष्कळदा पंधरवडा लोटण्यापूर्वीच नडगी धरून घरी बसतो. दम असूनही पाय दगा देतात. असे का व्हावे, हे आईबापांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे श्री. अविनाश साबळे शेतकरी कुटुंबात वाढले. लहानपणी शाळेसाठी त्यांनी सुमारे ६ किलोमीटरची वाट तुडविली. पुढे ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. या शर्यतीत २८ अडथळे व ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत मात्र ते सुवर्णपदकाचे मानकरी ठरले.

अशा यशामागे केवळ दम नसतो. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार एका पायावर येतो. पोटरी, मांडी व कंबरेचे स्नायू बळकट असतील, तर ते हा भार पेलतात. शिवाय त्याच वेगासाठी शक्तीही कमी खर्च होते. बैठका पैलवानांनीच माराव्यात, हा समज म्हणूनच खरा नव्हे. २०१४ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ताकदीच्या व्यायामाने खेळाडूंच्या दुखापती तिसऱ्या हिश्शाहूनही खाली आल्याचे त्यात आढळले. नुसते स्नायू ताणण्याने तसा लाभ दिसला नाही.

धावण्याची ढबही महत्त्वाची आहे. लांब ढांग टाकल्यास पाय शरीराच्या फार पुढे पडतो व गुडघ्यास हिसका बसतो. पावले थोडी आखूड व जलद टाकल्याने गुडघ्यावरील भार हलका होतो.

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून श्री. साबळे यांच्या गुडघ्यास गंभीर इजा झाली. अशा अपघातातून बलवानही सर्वस्वी सुटत नाही. परंतु आपल्या मुलांची बहुतेक दुखणी अपघाताची नसून अतिरेकाची असतात, आणि ती टाळता येतात.

तेव्हा भरतीच्या कित्येक महिने आधी तयारीस लागावे. अंतर हळूहळू वाढवावे व शक्य तेथे मातीच्या वाटेवर धावावे. आठवड्यातून दोनदा बैठका माराव्यात, पायरीवर उभे राहून टाचा उचलाव्यात आणि मधून विश्रांती घ्यावी. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ते हाडास चीर पडत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी मुलास भित्रा म्हणू नये. आठ दिवसांच्या घाईपायी वर्षाची संधी गमावणे शहाणपणाचे नव्हे.