पंपाला हात लावायच्या आधी

गेले दोन-तीन महिने आमची इंडिका सकाळी रुसायची. म्हणजे स्टार्टर मारत राहा, मारत राहा, बॅटरी रडकुंडीला, आणि मग एकदम घरघर करत, मागून पांढरा धूर सोडत उठायची. एकदा उठली की दिवसभर तक्रार नाही. २००६ चं मॉडेल, व्ही-टू, साधं डिझेल इंजिन. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, एरर कोड नाही. बाबांनी २०११ साली सेकंड हँड घेतली, तेव्हा ते इथे भिवंडीतच एका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. (भिवंडीबाहेरच्यांसाठी: जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. आमच्या ऑफिसात ह्यालाच सपोर्ट इंजिनिअर म्हणतात आणि एसीत बसवतात.)

पहिल्यांदा मी गाडी नेली ती एका चकाचक गॅरेजात. तिथला माणूस म्हणाला, "रात्रभर सोडून जा, सकाळी थंड इंजिनवर बघतो. तपासणीचे पाचशे होतील." मी काय म्हटलं असेल? "नुसतं बघायचे पाचशे? आधी काय झालंय ते तरी सांगा." त्याने खांदे उडवले, बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान दिला आणि निकाल दिला: पंप गेलाय. बीएस-सिक्सच्या डिझेलने खाल्ला.

हे कारण ऐकायला फार छान वाटतं, कारण त्यात थोडं खरं आहे. एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळतं त्यात सल्फर १० पीपीएमच्या आत असतं, आधी ५० होतं. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा स्वतःचा वंगणपणा कमी होतो, आणि जुने पंप तर डिझेलच्याच वंगणावर चालतात. पण हे रिफायनऱ्यांनाही ठाऊक आहे, म्हणून त्या वंगणासाठी वेगळं अॅडिटिव्ह घालतात. मला तेव्हा यातलं अर्धंच माहीत होतं. अर्ध्या माहितीवर माणूस पटकन 'हो' म्हणतो. चौदा हजार रुपये, पंप आणि नोझल ओव्हरहॉल. मी खूश. आजार कळला, औषध मिळालं. त्या आनंदात टाकी फुल्ल केली.

आठवडाभर गाडी एका सेल्फमध्ये सुरू. बाबा मात्र एकदा जेवताना म्हणाले, "अरे, टाकी भरलेली असली की ती नीटच चालते. मी पाहिलंय." मी हसलो. गाडीला काय पोट भरल्याचं कळतं का? वर आणखी ऐकवलं की बाबा, इंजेक्शन सिस्टीमचा आणि टाकीतल्या लेव्हलचा काही संबंध नसतो. ते काही बोलले नाहीत. भाकरी खाल्ली, उठले.

पुढच्या रविवारी आई-बाबांना घेऊन नाशिकला निघालो. कसारा घाटात, चढावर, पावसात, मागे चौदा चाकी ट्रक, आणि गाडीने दम सोडला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी झटके, झटके आणि बंद. आई मागे बसलेली, अजिबात काही बोलली नाही, फक्त खिडकीतून मागच्या ट्रककडे बघत होती. ती तीस-चाळीस सेकंदं मी विसरणार नाही. डिझेलचा काटा पावच्या खाली होता. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. घरी परतल्यावर मी जाहीर केलं की ही गाडी भंगारात द्यायची. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० ची ५००० झाली होती, वर हा खर्च. बाबा यावरही गप्प.

शेवटी तेच मला अंजूरफाट्याच्या बाजूला एका चाचांकडे घेऊन गेले. पत्र्याची शेड, आयुष्यभर ट्रकची इंजिनं खोललेला माणूस. मी सुरुवात केली, "चाचा, पंप का काम करवाया है..." त्यांनी मला हाताने थांबवलं. "पंप को हाथ मत लगा अभी, बेटा." आणि प्रश्न सुरू. रात्री उभी केल्यावर त्रास की दुपारीही? गाडी उतारावर तोंड वर करून उभी असते का? (असते, आमच्या गल्लीत तशीच लागते.) खाली डिझेल ठिबकतं का? नाही. आणि मग: त्रास होतो तेव्हा टाकीत किती असतं?

मी बाबांकडे बघितलं नाही.

गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी चाचांनी स्टार्टरला हात न लावता आधी फिल्टरजवळचा हातपंप दाबला. पहिले दहा-पंधरा दाब पोकळ गेले, मग कडक झाला. चावी फिरवली, गाडी तत्काळ सुरू. म्हणजे रात्रीत डिझेल लाइनमधून मागे टाकीत उतरत होतं. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये त्यांनी वीतभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू केल्यावर आत बुडबुडे, अगदी सोड्याच्या बाटलीसारखे.

आता गंमत बघा. ह्या गाडीत टाकी मागे, खाली. पंप पुढे, वर. पंप स्वतः ओढून डिझेल आणतो, त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे बारीक भेग पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब सांडत नाही! डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नोझल उघडायला शंभराच्या वर बार लागतात, हवेचा बुडबुडा ते बळ मध्येच गिळून टाकतो. टाकी भरलेली असेल तर पंपाला कमी उंची ओढावं लागतं. टाकी रिकामी, गाडीचं नाक वर, पाय अॅक्सिलरेटरवर... कसारा. हे सगळं मी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलो होतो. पेपरात त्याला चांगले मार्कही होते.

पंप दोषी की लाइन, हे ठरवायला चाचांनी टाकीची लाइन काढून टाकली आणि पंपाचा पाइप एका स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडला. परतीचा पाइपही त्यातच. मी कॅन उचलून बॉनेटच्या कडेवर ठेवायला गेलो तर ओरडले. वर ठेवला तर डिझेल आपल्या वजनानेच उतरणार, मग कमजोर पंपही पास होईल. कॅन जमिनीवर. पंपाने स्वतः ओढलं पाहिजे. त्याने ओढलं, वीस मिनिटं, एक बुडबुडा नाही. आम्ही ज्याला बायनरी सर्च म्हणतो ते हेच. सिस्टीम मधोमध तोडा, कुठला अर्धा निर्दोष ते सिद्ध करा. (घरी करणार असाल तर एवढंच सांगतो: नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो दाब कातडी भेदून आत जातो.)

टाकीजवळचा वीतभर रबरी पाइप, उष्णतेने कडक झालेला, क्लिपच्या खाली केसाएवढी भेग. पाइप आणि दोन क्लिपा मिळून साठ रुपये.

त्या पहिल्या गॅरेजवाल्याला शिव्या देणं सोपं आहे आणि मी दिल्याही. पण त्याने माझ्याकडे आधी तपासणीचे पाचशेच मागितले होते ना? रात्रभर गाडी ठेवून सकाळी तेच हातपंप, तीच नळी त्यानेही केली असती कदाचित. मला वेळेचे पैसे द्यायचे नव्हते, वस्तूचे द्यायचे होते. हातात घेऊन बघता येईल, बिलावर लिहिता येईल असं काहीतरी. मग त्याने मला वस्तू विकली. मी स्वतः क्लायंटला तासाचं बिल लावतो. तीन दिवस लॉग वाचून एक ओळ बदलतो आणि तीन दिवसांचे पैसे घेतो, त्यात मला कधी लाज वाटली नाही. पण मेकॅनिकने एक तास विचार केला तर तो 'नुसता बघत होता'. आपल्यासारख्या गिऱ्हाइकांमुळेच निदान करणारी माणसं पार्ट बदलणारी होत चालली आहेत असं माझं मत आहे, आणि स्कॅनर लावणाऱ्या नव्या गाड्यांतही फार वेगळं घडत नाही. कोड येतो, कोडमध्ये नाव असलेला पार्ट बदलतात.

चाचांनी दोनशे साठ मागितले. मी हजार पुढे केले तर म्हणाले, पाइप तो साठ का ही है. मी म्हटलं पाइपचे नाहीत, विचारलेल्या प्रश्नांचे आहेत. त्यांना ते फारसं पटलं नाही, पाचशे ठेवून बाकीचे परत दिले.

येताना बाबा चालवत होते. कशेळीच्या पुलापर्यंत उगाचच एक चक्कर मारली. मी विचारलं, लूम बंद पडला की तुम्ही आधी काय बघायचात? म्हणाले, "लूम नाही बघायचो. कारागिराला विचारायचो, बंद पडायच्या आधी काय झालं होतं."

काटा पावच्या खाली होता. पेट्रोल पंप आला तसा मी सवयीने हात दाखवला, तर ते म्हणाले, "राहू दे आज. सकाळी असंच सुरू करून बघू."