खोक्यांत काय होतं?

चार्टर पायलटच्या साहसकथेचा नायक ठरलेला असतो. जुनं खडखडणारं विमान, खिसा रिकामा, महायुद्धातून उरलेली उदासी आणि 'माल कुठला ते मी विचारत नाही' हे तत्त्व. स्वतः रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक असलेल्या गॅव्हिन लायलने १९६१ साली 'द राँग साइड ऑफ द स्काय' लिहून हा नायक पक्का केला. जॅक क्ले, त्याचं डकोटा, ग्रीस आणि फाळणीच्या धामधुमीत चोरीला गेलेले एका नवाबाचे दागिने. नवाब कुठला? तुंगभद्रेचा. संस्थान काल्पनिक, नदी खरी. निजामाच्या राज्याची दक्षिण सीमा तीच होती. कादंबरी झकास आहे, जरूर वाचा. पण ती छत्रपती संभाजीनगरात बसून वाचताना डोकं फिरतं, आणि त्याला लायल जबाबदार नाही.

कारण ही गोष्ट आपल्या डोक्यावरून खरोखरच उडून गेली आहे. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणत होता. लँकेस्ट्रियन विमानं, म्हणजे लँकेस्टर बॉम्बरचीच मालवाहू भावंडं, चार इंजिनांची. हैदराबाद संस्थानाला समुद्र नाही, त्यामुळे प्रत्येक खेप भारताच्या हद्दीवरूनच जायची. उतरायचं एक ठिकाण बीदर. तेव्हाच्या बीदर जिल्ह्यात उदगीर होतं, निलंगा होतं, अहमदपूर होतं. खाली रझाकार गावं जाळत होते आणि वरून निजामाला बंदुका येत होत्या. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. कॉटनला पुढे ब्रिटनमध्ये दंड झाला. किती? २०० पौंड.

हा माणूस सरळसोट खलनायकही नाही. महायुद्धाच्या तोंडावर लॉकहीड विमानातून जर्मनीचे चोरून फोटो काढणारा तो हाच. इयान फ्लेमिंगचा दोस्त. म्हणजे बाँडवाल्या जगाचा एक धागा थेट मराठवाड्यात उतरतो आणि आपल्याला पत्ता नाही! कॉटनची बाजू मात्र १९६९ मध्येच पुस्तकात छापून आली. विमानातली.

जमिनीवरची बाजू कुठे आहे? अनंत भालेरावांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास लिहून ठेवलाय. बाकी आपल्याकडे १७ सप्टेंबर उरलाय: सिद्धार्थ उद्यानातला स्तंभ, मुख्यमंत्री, घोषणा, दुपारी वाहतूक पूर्ववत.

थरारकथेचं नाव काढलं की साहित्यातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. हुतात्म्यांच्या विषयावर कसला थरार, म्हणे. अहो, दरवर्षी तेच भाषण नावं बदलून वाचून दाखवण्यात कुठला सन्मान आहे? थरारकथा निदान एक प्रश्न विचारते जो भाषण कधीच विचारत नाही: पुढे काय झालं?

आणि खरी अडचण तिथेच आहे. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातुरात वकिली करायचा, आपल्यातच राहायचा. पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते सुंदरलाल समितीने नोंदवलं: उस्मानाबाद, बीदर, नांदेड, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार एका गटाने सांगायचे, नंतरच्या कत्तली दुसऱ्याने, अशी आपल्याकडे सोयीची वाटणी आहे. एकाच पुस्तकात दोन्ही आले की दोन्हीकडचे अंगावर येतील. म्हणून कुणी लिहीत नाही. 'वाचक नाहीत' ही थाप आहे. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांच्या पुस्तकांवर मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या उड्या मारल्या आहेत.

ही कादंबरी कॉकपिटमधून लिहू नका एवढंच. जॅक क्लेला माल न विचारण्याची चैन परवडते, कारण तो माल उतरवून निघून जातो. बीदरच्या धावपट्टीवर ती खोकी कुणीतरी उचलली असतील, मजुरीवर, अंधारात. एखादं हातातून निसटून फुटलंही असेल. त्या हमालाने आत काय पाहिलं आणि घरी जाऊन कुणाला सांगितलं, पहिलं प्रकरण तिथून लिहा.