गॅसचा सिलिंडर : त्याची परीक्षा व त्याचा प्रवास

परीक्षा हा शब्द ऐकतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या मुद्रा म्लान होतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्याच घरीं, ओट्याखालीं, एक असा मुका परीक्षार्थी उभा असतो कीं त्याच्या परीक्षेची तारीख टळली तर तिचें फळ सर्व कुटुंबास भोगावें लागतें. तो म्हणजे गॅसचा सिलिंडर. सातारा व सांगली या जिल्ह्यांत गॅस आतां खेडोपाडीं पोंचला आहे आणि पुष्कळ माउलींची धुरापासून सुटका झाली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण जी वस्तु आपण नित्य वापरतों तिचे नियम आपल्यांपैकीं फारच थोड्यांस माहीत आहेत, आणि ज्यांस माहीत आहेत ते ते पाळतातच असें नाहीं.

आंत काय असतें तें प्रथम पाहूं. प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचें मिश्रण दाबाखालीं द्रवरूप करून भरलेलें असतें. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवरच उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित् खालीं. त्यांस द्रवरूपांत आवरून धरणारी ती पोलादाची भिंत. गळती झालीच, तर हा वायु हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें वर उडून जात नाहीं. पाण्याप्रमाणें जमिनीलगत पसरतो व कोपऱ्यांत सांचतो. हवेच्या शंभर भागांत त्याचे दोन भाग मिसळले कीं एक ठिणगी पुरे. त्यास स्वतःचा वास जवळजवळ नाहीं. जो उग्र दर्प येतो तो मर्कॅप्टन नांवाच्या द्रव्याचा, आणि तें मुद्दाम मिसळलेलें असतें. असा दर्प आल्यास विजेचें बटण चालूही करूं नये व बंदही करूं नये, दारें-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. ‘वास नेहमींचाच आहे’ म्हणून स्वस्थ बसणारीं घरें थोडीं नाहींत, याचें आम्हांस फार वाईट वाटतें.

आतां परीक्षेविषयीं. सिलिंडरच्या वरच्या कड्यास आधार देणाऱ्या तीन पट्ट्या असतात. त्यांपैकीं एकीच्या आंतल्या बाजूस एक इंग्रजी अक्षर व दोन आंकडे रंगविलेले दिसतील. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर व ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आंकडे सालाचे. ‘बी २८’ असें असल्यास २०२८ च्या जूनअखेर त्या सिलिंडरची तपासणी झाली पाहिजे. नव्या सिलिंडरची पहिली तपासणी दहा वर्षांनीं, व पुढें दर पांच वर्षांनीं होते. तेव्हां तो रिकामा करून पाण्यानें भरतात, चौरस सेंटिमीटरला २५ किलोग्रॅमचा दाब देतात, आणि गंज, पोचे व सांधे बारकाईनें पाहतात. अनुत्तीर्ण ठरलेला सिलिंडर चेपून किंवा तुकडे करून असा नष्ट करावा लागतो कीं ते तुकडे पुन्हा जोडतां येऊं नयेत. येथें पुरवणी परीक्षा नाहीं. १८८४ च्या स्फोटक-द्रव्य कायद्याखालीं केलेल्या २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत हें सर्व आहे, आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संघटनेचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरांतच आहे.

ही अक्षरें वाचण्यास इयत्ता पांचवीचा विद्यार्थीही समर्थ आहे. सिलिंडर आणणारा मनुष्य दाराशीं असतांनाच तीं वाचावीं. मुदत संपलेली असल्यास सिलिंडर नम्रपणें पण निश्चयानें परत करावा. त्याच वेळीं वजन करून मागावें, व झांकण काढून तोंडाशीं साबणाचें पाणी लावून पाहावें. बुडबुडे आले तर तोही परत. हें काम मुलांकडे सोंपवावें अशी आमची पालकांस सूचना आहे. मोठ्या माणसांस भीड पडते, मुलांस ती पडत नाहीं.

प्रवासाचे नियम याहून सोपे, आणि याहून अधिक मोडले जातात. भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा कोणत्याही दुचाकी मोटारगाडीवरून नेऊं नये, असा स्पष्ट निर्बंध आहे. तो उभाच ठेवावा, पडणार नाहीं असा बांधावा, गाडीच्या बाहेर डोकावूं देऊं नये. घसरत नेणें, आपटणें व त्याच्याशीं खेळणें निषिद्ध आहे. होय, ‘खेळणें’ हेंही नियमकर्त्यांनीं लिहून ठेविलें आहे. उभा कां, तर उभ्या सिलिंडरच्या तोंडाशीं वायु असतो, आडव्याच्या तोंडाशीं द्रव येतो; आणि बाहेर पडलेल्या एक भाग द्रवाचा सुमारें अडीचशें भाग वायु होतो. असें असतां आमच्या रस्त्यांवर रोज काय दिसतें? पुढें टाकीवर आडवा सिलिंडर, मागें आई, आणि मध्यें गणवेश घातलेलें मूल.

तथापि येथें सर्व दोष घरच्या कर्त्या पुरुषावर टाकणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यांतील डोंगरवाडीस वितरकाची गाडी गेली नाहीं तर तेथील मनुष्यानें काय करावें? घरपोंच करण्याचा खर्च सिलिंडरच्या किंमतींतच धरलेला असतो. आणि जो गोदामांतून स्वतः नेतो त्यास थोडी सूट मिळते. एका हातानें दुचाकीचा निषेध करावयाचा व दुसऱ्या हातानें गोदामापर्यंत बोलावून सूट द्यावयाची, हा विरोध ज्यांनीं निर्माण केला त्यांनींच तो काढला पाहिजे. वाडीच्या लोकांनीं एकत्र येऊन आठवड्यांतील एक वार ठरवून गाडी मागावी. नियमांत ज्याचें कर्तव्य सांगितलें आहे त्यास तें करावयास लावणें यांत भांडखोरपणा नाहीं.

गर्दीच्या ठिकाणीं तर हा विषय फारच गंभीर होतो. २५ जानेवारी २००५ रोजीं वाईजवळील मांढरदेवीच्या यात्रेंत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या दिवशीं दुकानांना आग लागून आंतील सिलिंडर फुटल्याचें त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं लिहिलें होतें. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंच्या डब्यांत चोरून नेलेल्या सिलिंडरमुळें आग लागून नऊ जण दगावले. रेल्वेंत अशी वस्तु नेणें १९८९ च्या कायद्याप्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र आहे. ज्ञानोबारायांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगांव, फलटण, बरड या मार्गानें आपल्याच जिल्ह्यांतून जाते. दिंड्यांच्या ट्रकांत सामान, सिलिंडर व दमलेले वारकरी एकत्र असतात. सिलिंडरसाठीं निराळी गाडी करणें दिंडीप्रमुखांस अशक्य नाहीं, आणि भक्तीस त्यानें उणेपणाही येत नाहीं. शाळांच्या सहलींसही आम्ही हाच नियम लावूं इच्छितों : आचाऱ्याचा सिलिंडर मुलांच्या गाडींत नको.

सांगलीकरांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें. भरलेल्या घरगुती सिलिंडरचें वजन सुमारें ३० किलो, पण त्यांत पाणी मावतें ३३ लिटरांहून अधिक. म्हणजे आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें तो भरलेला असूनही तरंगतो, व प्रवाहाबरोबर चालूं लागतो. म्हणून घर सोडतांना रेग्युलेटर काढून, तोंडावर झांकण बसवून, सिलिंडर उभा व साखळीनें जखडून ठेवावा. पुरांतून सांपडलेला सिलिंडर, आपला असो वा परक्याचा, तपासून घेतल्यावांचून शेगडीस जोडूं नये. तोंडांत गाळ गेलेला असतो.

शेवटीं, जे विद्यार्थी पुढें कऱ्हाड, मिरज, सांगली येथें खोली घेऊन राहतील त्यांच्या पालकांस एक विनंति. बाजारांत दोन-तीन किलोचीं बिनछापाचीं नळकांडीं मिळतात व तीं घरगुती सिलिंडरमधून चोरून भरून देतात. त्यांची कोणीं कधीं परीक्षा घेतलेली नसते. त्यांवर अक्षर नाहीं, सालही नाहीं. कंपनीचा पांच किलोचा तपासलेला सिलिंडर रीतसर मिळतो. किंमत अधिक पडली तरी मुलास तोच घेऊन द्यावा, आणि खोलीवर गेलांत म्हणजे अंथरूण-पांघरूण पाहण्याआधीं त्याची पट्टी वाचावी.