चालतंय ना?

यंत्रयुगाला आपण कोणती देणगी दिली, असं कुणी विचारलं तर मी ‘चालतंय ना?’ या दोन शब्दांकडे बोट दाखवीन. नळाचा वायसर असो की स्कूटरचा ब्रेक, कोणतीही दुरुस्ती या दोन शब्दांवर संपते. वायसराच्या बाबतीत मी गप्प बसलो. पण तेच शब्द चार प्रोसेसरांच्या सर्व्हरला लावलेले पाहिले आणि मला कंठ फुटला.

2004 साली आमच्या पतसंस्थेनं असा एक सर्व्हर घेतला. मी तिथला मानद हिशेबतपासनीस. (मानद म्हणजे चहा मिळतो.) एका डोक्याऐवजी चार डोकी राबतील, मार्चअखेरची व्याजआकारणी झटपट उरकेल, असं सभासदांना सांगून पैसे मंजूर करून घेतले होते. लिनक्स बसवायला पुरवठादाराचा तरुण इंजिनियर आला. पडद्यावर अक्षरं भराभर धावली नि मध्येच थबकली. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. शेवटी त्यानं सुरुवातीच्या आज्ञेत ‘नोएसएमपी’ असं काहीतरी टंकलं आणि यंत्र सुरू झालं.

“झालं, काका!”

“काय केलंस?”

“एकच प्रोसेसर चालू ठेवला.”

“आणि बाकीचे तीन?”

“पण चालतंय ना?”

वाचकहो, हे यंत्र म्हणजे एकत्र कुटुंब असतं. बटण दाबलं की आधी एकच प्रोसेसर जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. घरात माणसं किती, दाराची घंटा वाजली की कुणी उठायचं, हे बायॉसनं तक्त्यात मांडून ठेवलेलं असतं. या तक्त्यांचा एसीपीआय नावाचा नमुना 1996 सालीच ठरला. तक्ता चुकला की घंटा वाजत राहते आणि उठत कुणीच नाही. ‘नोएसएमपी’चा अर्थ एवढाच, की बाकीच्यांना उठवूच नकोस!

एका प्रोसेसरवर यंत्र चालवून बघण्याला माझी हरकत नाही. दोष बहुधा चौघांच्या आपसांतल्या व्यवहारात आहे, एवढं त्यावरून कळतं. पण हा झाला थर्मामीटर. ताप मोजून, फी घेऊन डॉक्टर निघून गेला तर आपण त्याला जिना उतरू देऊ का? पुढं औषध आहेच की. थबकलेल्या पडद्यावरची शेवटची ओळ उतरवून घ्या. ‘मॅक्ससीपीयूज’ ही आज्ञा देऊन आधी दोघांना उठवा, मग तिघांना, आणि गाडी कुठं अडते ते पाहा. ‘नोएपिक’नं नुसती घंटेची व्यवस्था बदलून बघा. बायॉसची नवी आवृत्ती निघाली आहे का, ते विचारा. उगाच लिनक्सला दोष देऊ नका. 1996 च्या 2.0 आवृत्तीपासून त्याला अनेक प्रोसेसर हाताळता येतात.

यावर जाणकार म्हणतात, “चार प्रोसेसरांनी काम चौपट होत नाहीच.” कबूल! कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तो वेळ खाणारच, हे जीन अॅमडाल यांनी 1967 सालीच मांडलं. पण म्हणून तिघांना झोपवून ठेवा, असा त्याचा अर्थ कुणी काढला?

पळवाटेचं खरं पाप म्हणजे ती टिकते. ती आज्ञा फायलीत कायमची जाऊन बसते. इंजिनियर नोकरी बदलतो, आज्ञा राहते. पुढं सर्व्हर रेंगाळतो म्हणून संस्था नवा घेते, आणि भुर्दंड पडतो तो भाजी विकून महिन्याला पन्नास रुपये भरणाऱ्या सभासदाला.

मी बिलावर सही केली नाही. चिटणीस वैतागले. “अहो, ऑफिसात कारकून चार, काम करतो एक. त्यांचे पगार कधी अडवलेत का?”

मी म्हटलं, “त्यांचं बायॉस बदलता येत नाही. याचं येतं.”

आठवड्यानं दुसरा इंजिनियर आला. त्यानं बायॉस बदललं आणि चौघंही उठले. तेव्हा ज्यांच्या हाती कुठल्याही संस्थेची सही आहे त्यांना एवढंच सांगणं: यंत्र चालतंय का, हे विचारू नका. जागे किती आहेत, ते मोजा आणि मगच पेन उघडा.