‘स्लम’ कशाचा, माणसाचा की गटाराचा?

मुंबईत घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर माझं घर आहे. शेजारच्या मुलीला नोकरी लागली, पगारही बरा. तरी एका बँकेने तिचा कर्जाचा अर्ज परत पाठवला. तोंडी कारण मिळालं, ‘निगेटिव्ह एरिया’. सरळ बोलायचं तर स्लम.

हा शब्द लंडनच्या चोरट्यांच्या बोलीतला. जेम्स हार्डी वॉ या कैद्याने ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा भोगताना, 1812 साली, त्या बोलीचा कोश रचला. त्यात स्लम म्हणजे नुसती खोली. पुढे तो बदनाम गल्लीबोळांना लागला. 1850 मध्ये कार्डिनल वाइजमन यांनी वेस्टमिन्स्टरच्या गरीब वस्तीसाठी तो वापरला आणि सभ्य लोकांच्या तोंडी रुळला. गुन्हेगारीचा वास मात्र गेला नाही.

आपल्याकडचा 1971चा झोपडपट्टी कायदा याहून शहाणा आहे. वस्तीत सोयी नाहीत, घाण आहे, दाटी आहे आणि त्यातून आरोग्याला, सुरक्षेला धोका आहे, तर तो भाग झोपडपट्टी म्हणून घोषित होतो. ही कसोटी जागेची आहे, तिथल्या माणसांच्या चालचलणुकीची नाही. नळ, गटार, संडास पुरवणं हे कुणाचं काम, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

1995 साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए आलं, पात्र झोपडीच्या बदल्यात पक्कं घर मिळण्याची वाट उघडली आणि याच शिक्क्याला मोल आलं. मुलीच्या लग्नाच्या बायोडेटात ‘घाटकोपर पश्चिम’ एवढंच लिहिणारी आमची माणसं परिशिष्ट-2च्या, म्हणजे पात्रतेच्या यादीत झोपडीचा नंबर दहादा बोट ठेवून तपासतात. पात्र की अपात्र, यावर आयुष्य टांगलेलं असतं. या लपवाछपवीबद्दल त्यांना मी दोष देणार नाही.

इथून हाकेच्या अंतरावर चिरागनगर आहे. तिथल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे वर्षानुवर्षं राहिले, लिहीत राहिले. ‘फकिरा’ कादंबरीला 1961 साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही त्यांचा पत्ता हाच होता. त्यांना कुणी ‘स्लममधला लेखक’ म्हटलं तर आपल्याला चालेल का?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की बातमी येते, ‘झोपडपट्टीतल्या मुलाचं यश’. संपादकांना माझी विनंती आहे: वस्तीचं नाव लिहा. असल्फा, कामराजनगर, चिरागनगर, जे असेल ते. आणि झोपडपट्टी लिहायचंच असेल, तर त्या गल्लीत पाणी किती वाजता येतं आणि हंडे घेऊन किती पायऱ्या चढाव्या लागतात, तेही त्याच बातमीत छापा.