साक्ष कोण देणार?

आपल्या नवदीक्षित कुटुंबांत एक विचार अलीकडे फार बोकाळला आहे. मुलाने इंजिनिअर व्हावे, डॉक्टर व्हावे, निदान सरकारी नोकरीत चिकटावे. परंतु समाजशास्त्र घेऊन आपल्याच समाजाच्या चळवळीचा अभ्यास करीन असे तो म्हणाला, की बाप कपाळाला हात लावतो. "चळवळी आम्ही केल्या, मार आम्ही खाल्ला, आता त्यावर पोथ्या लिहून काय मिळणार?" हा त्याचा सवाल. बापाची तळमळ आम्ही जाणतो. ज्या घरात पहिल्यांदाच पगार येत आहे, त्या घराला भाकरीचा हिशेब करावाच लागतो. तथापि हा विचार समाजाला घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते आम्ही वकिलीच्या अनुभवावरून सांगत आहोत.

गावात पाण्यावरून, जमिनीवरून किंवा मिरवणुकीवरून तंटा झाला, की पहिला कागद पोलीस ठाण्यात तयार होतो. त्यात "बेकायदा जमाव", "शांतताभंग", "दंगा" हे शब्द असतात; कलमे असतात, आरोपींची नावे असतात. तो जमाव का जमला, किती वर्षे काय सोसून जमला, यासाठी त्या नमुन्यात रकाना नाही. पुढे पन्नास वर्षांनी जुनी माणसे जातात आणि दप्तरात उरते ती एवढीच साक्ष. सत्ता जिला अशांतता म्हणते, तिला चळवळ हे खरे नाव पुराव्यानिशी देणारा अभ्यासक नसेल, तर तुमच्या आजोबांचा सत्याग्रह इतिहासात गुन्हा म्हणूनच राहील!

या दृष्टीने डॉ. गेल ऑम्व्हेट यांचे जीवन प्रत्येक बौद्ध घराने जाणून घ्यावे. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे १९४१ साली जन्मलेल्या या विदुषीने बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात समाजशास्त्राचा प्रबंध लिहिला. विषय कोणता घेतला? पश्चिम भारतातील १८७३ ते १९३० या काळातील ब्राह्मणेतर चळवळ. १८७३ म्हणजे जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापिला ते साल. देशाचा इतिहास म्हणजे काँग्रेस व तिचे पुढारी, असे समीकरण रूढ असताना त्यांनी शेतकरी, शूद्र व अस्पृश्य यांच्या बंडाला इतिहासाच्या मध्यभागी आणून बसविले. १९७३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या बळावर अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात त्यांना सुखाने आयुष्य काढता आले असते. त्यांनी सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे आपले गाव केले, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी तेथेच देह ठेवला. दलित चळवळीवरील त्यांचा ग्रंथ १९९४ चा, तर भारतातील बौद्ध धम्मावरील २००३ चा.

आपल्या खानदेशाशीही त्यांच्या अभ्यासाचा संबंध आहे. शहादे तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथे १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली आणि भिल्ल शेतमजूर स्त्रिया मजुरीसाठी व दारूविरुद्ध रस्त्यावर आल्या. जमीनदारांच्या दृष्टीने ती अशांतताच होती. या लढ्याविषयी लिहिताना ऑम्व्हेट यांनी त्या स्त्रियांना लढ्याच्या कर्त्या म्हणून उभे केले.

यावर काही पंडित म्हणतात की, अभ्यासकाने तटस्थ राहावे. चळवळीत उतरलेल्याचा अभ्यास पक्षपाती होय. या पंडितांना आमचा प्रश्न आहे: जखमी माणसाचा शेजारी साक्षीला उभा राहिला, तर न्यायालय त्याला केवळ शेजारी म्हणून हाकलून देते काय? नाही. त्याची उलटतपासणी होते आणि जे टिकते ते सत्य मानले जाते. अभ्यासाचेही तसेच आहे. म्हणूनच ऑम्व्हेट यांचे सर्व काही शिरसावंद्य मानावे, असे आम्ही म्हणत नाही. मोठी धरणे व खुली बाजारपेठ यांविषयीची त्यांची मते पुष्कळ सहकाऱ्यांनाही पटली नाहीत. गुरू सांगतो एवढ्यासाठी मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच कसोटी येथेही लावावी.

परंतु परमुलुखातून आलेल्या बाईने आपले कागद चाळावेत आणि आपण हातावर हात ठेवून बसावे, ही शोभेची गोष्ट आहे काय? धुळे शहराला कागद जपणे ठाऊक नाही असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली तेथे वारले आणि त्यांच्या दप्तरासाठी संशोधन मंडळ उभे राहिले. आपले दप्तर कोठे आहे? ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्याच्या कामी बाबासाहेब धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी आपण त्या दिवशी तेथे जमतो, वंदन करतो. त्या खटल्याचा अभ्यास आपल्या किती पदवीधरांनी केला? १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तेव्हा खानदेशातील माणसे तुरुंगात गेली. त्यांची जबानी कोणी लिहून घेतली? धुळ्याचेच कॉम्रेड शरद पाटील हे विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. तरी मूळ ग्रंथ स्वतः वाचता यावेत म्हणून ते संस्कृत शिकले आणि त्यांनी दास-शूद्रांच्या गुलामगिरीचा इतिहास लिहिला.

"आता आम्ही बौद्ध झालो, जातीचा विषय कशाला उगाळावा?" असेही काहीजण म्हणतात. बंधुभगिनींनो, हेच म्हणणे सरकारनेही आपल्या तोंडावर फेकले होते! १९५६ साली दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, थांबावे लागले. धर्म बदलला तरी गावाने बहिष्कार सोडलेला नाही, हे दाखविण्यास भावना पुरत नाही, पुरावा लागतो.

हा मार्ग आपल्याला नवा नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. महाडचा सत्याग्रह त्यानंतर अकरा वर्षांनी झाला. आधी अभ्यास, मग संघर्ष!

म्हणून घरातील पत्र्याची पेटी उघडा. जुनी पत्रके, समन्स, तुरुंगाचे दाखले, दीक्षेचे फोटो रद्दीत घालू नका. वृद्धांची हकीकत तारखेसह लिहून घ्या, त्यावर त्यांची सही अगर अंगठा घ्या. आणि मुलगी म्हणाली की मला समाजशास्त्र शिकावयाचे आहे, तर तिला अडवू नका. आज जळगावात विद्यापीठ आहे. तेथे ती आपल्या समाजाची साक्षीदार म्हणून जाऊ द्या. आपली साक्ष आपण दिली नाही, तर ती आपल्या विरोधकांच्या वतीने दिली जाईल, आणि निकालही त्याच साक्षीवर लागेल.

जय भीम!