ग्रुपचा ॲडमिन जागा आहे का?

पोरं पळवणारी टोळी फिरतेय, एवढा एक मेसेज पुरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भर आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. २०१४ पर्यंत ते गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांनी याला लांबची गोष्ट समजू नये.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत. राईनपाड्यानंतर एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. पण दहा गावांच्या ग्रुपांत असलेला एकच पोरगा ती थोड्याच फेऱ्यांत ओलांडतो. मालक नसलेल्या जाळ्यातही राखण करता येते. मॅस्टोडॉन या स्वतंत्र सर्व्हरांच्या समाजमाध्यमावर प्रत्येक सर्व्हर चालवणारा आपले नियम ठरवतो आणि विखार पसरवणाऱ्या सर्व्हरशी थेट संबंध तोडतो. २०१९ मध्ये द्वेषाच्या मजकुरासाठी बदनाम असलेले ‘गॅब’ हे समाजमाध्यम त्या जाळ्यात शिरले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याला बाहेरच ठेवले.

आपल्याकडे हे काम ॲडमिनचे. कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय त्याच्या हातात आहे, पण ती वापरतो कोण? सदस्याच्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. निकाल योग्यच आहे. मात्र त्याच्या आडून हात झटकणे आम्हाला मान्य नाही.

कारण ॲडमिन झोपला की प्रशासनाच्या हाती उरते सरसकट इंटरनेटबंदी. जून २०२३ मध्ये कोल्हापूरने ती भोगली. उद्या ती डोळखांब-धसईत लागली, तर रेशन दुकानातले मशीन अंगठा घेणार नाही, रोजगार हमीच्या मजुराची हजेरी ऑनलाइन चढणार नाही. आणि अफवा खोटी असल्याचा पोलिसांचा खुलासाही पाड्यावर पोचणार नाही. तोंडोतोंडी अफवा मात्र चालूच राहील.

पौषात म्हशाची यात्रा भरते. बैलांचे व्यापारी, खेळणीवाले, भिक्षेकरी, किती अनोळखी माणसे या रस्त्यांवरून येतात! त्याआधी मुरबाड, टोकावडे, किन्हवलीच्या पोलिसांनी ॲडमिनांना बोलावून घ्यावे. प्रत्येक गावाच्या ग्रुपात पोलीस पाटील हवाच. असा मेसेज पडताच ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर टाकावा, पोलीस ठाण्याला फोन लावावा आणि खात्री होईपर्यंत तो उघडू नये.